एका रुपेरी डॉलरची अंघोळ

चांदी मला फसवू शकत नाही. ही फुशारकी नाही, मोजून सांगते आहे. खाणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी दगडातली चांदी मोजली. टनभर दगडात किती ग्रॅम, तेही दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत! एवढ्या वर्षांत माझा आकडा एकदाच चुकला. त्या दिवशी मला एकशे दोन ताप होता, आणि तोही मीच मोजला होता.

निवृत्त झाल्यावर मी कार्सन सिटीतल्या नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबात जाऊ लागले. क्लब म्हणजे आम्ही चौदा म्हातारे-म्हाताऱ्या. गुरुवारी एचेव्हेरीच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत जमायचं. आधी मटणाचा रस्सा आणि लाल घेवडा, मग साबणाने हात धुणं, मग मखमलीवर नाणी. एचेव्हेरी आमचा अध्यक्ष. त्याचा आजा स्पेनकडच्या बास्क मुलुखातून मेंढ्या राखायला इथे आला होता. मेंढ्या केव्हाच गेल्या, पण आवाज अजून त्या हाकायचाच. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला तो क्लबाचा पहिला नियम गर्जून सांगतो, "नवरा घासून लख्ख केलात तरी चालेल, नाणं घासायचं नाही!"

खरंच आहे ते. शंभर-सव्वाशे वर्षांत चांदीवर जो काळसरपणा चढतो, ती नाण्याची कातडी. घासणारा माणूस नाणं साफ करत नाही, सोलतो.

क्लबातलं सर्वांत मानाचं नाणं ऑरिन ट्रेगॅस्किसचं. अठराशे एकोणनव्वद सालचा चांदीचा डॉलर. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत असे दोन कोटींहून जास्त डॉलर पडले आणि आमच्या गावच्या टांकसाळीत जेमतेम साडेतीन लाख. त्यातलेही बहुतेक पुढे वितळवले गेले. दोन्हींत फरक एवढाच, की आमच्या डॉलरच्या पाठीवर, गरुडाखालच्या पानांच्या गाठीपाशी, कार्सन सिटीची 'सी सी' अशी दोन बारीक अक्षरं असतात. फिलाडेल्फियाच्या डॉलरवर तिथे काहीच नसतं. अक्षरं नसतील तर त्या डॉलरमध्ये दोन माणसांचं जेवण होईल. असतील तर आयुष्यातली एखादी मोठी हौस पुरी होईल.

ऑरिनने तो डॉलर छत्तीस वर्षांपूर्वी विनेमक्काच्या एका माणसाकडून घेतला होता, आणि बदल्यात दिलं होतं गाडीमागे जोडायचं नवंकोरं फिरतं घर! त्या घरातून त्याच्या बायकोला, मॅक्सीनला, देश बघायचा होता. तिने त्याला पिवळे पडदे शिवले होते. पडदेही घरासोबत गेले. तेव्हापासून त्या दोघांचं एकच भांडण चालू होतं. ती म्हणायची, "माझं घर दिलंस." तो म्हणायचा, "थांब, त्याची दहा घरं होतील." या वर्षी ऑरिनला ब्याऐंशी लागलं आणि मॅक्सीनने शेवटचं सांगितलं, "दहा घरं नकोत. मला अलास्काचा बर्फ बघायचाय. ते नाणं वीक." शनिवारी सॅक्रामेंटोहून एक व्यापारी येणार होता.

आदल्या आठवड्याच्या सभेत ऑरिनने निरोपादाखल डॉलर शेवटचा मखमलीवर ठेवला. तो होता त्याच जुन्या, जाड, धुरकट प्लास्टिकच्या पाकिटात. मी भिंग लावलं.

"ऑरिन, हे हिरवं पडायला लागलंय."

"कुठे?"

"कडेने. जुनं प्लास्टिक पाझरतं. हा चिकट थर चांदी खातो."

"मग? घासायचं नाही हं!" एचेव्हेरी गरजला.

"घासायचं नाहीच. ॲसिटोनमध्ये वीस मिनिटं ठेवायचं. ती अंघोळ. त्याला साफ करणं म्हणत नाहीत. सगळे जाणकार करतात."

ऑरिनने पाकीट जवळ ओढलं. "छत्तीस वर्षांत ते पाकिटाबाहेर आलेलं नाही, आर्डिथ."

"म्हणूनच हिरवं पडलंय."

"त्याला काही होणार नाही ना?"

"ॲसिटोनने चांदीचं काहीही होत नाही. हे रसायनशास्त्र आहे!" मी म्हणाले. वाचकहो, हे विधान मी आजही मागे घेणार नाही. चांदीचं खरोखरच काही झालं नाही.

तेरा जणांनी ऑरिनला समजावलं. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी परत दे. आणि कागदावर वजन, स्थिती, किंमत असं काय ते लिहून आण. तुझी सही असली की तो सॅक्रामेंटोवाला घासाघीस करायचा नाही."

बुधवारी दुपारी मी कामाला बसले. आधी वजन: सव्वीस पूर्णांक एकाहत्तर शतांश ग्रॅम. मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून पुन्हा वजन, म्हणजे घनता निघते. दहा पूर्णांक एकतीस शतांश. नव्वद टक्के चांदी, दहा टक्के तांबं. पाठ्यपुस्तकात छापावं असं नाणं! मी काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतलं, डॉलर अलगद सोडला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी कडा धरून बाहेर काढला. हिरवा थर गेला होता. गरुडाचं पीस न् पीस दिसत होतं. मी समाधानाने पाठीकडची बाजू भिंगाखाली घेतली. पानांची गाठ होती. गाठीखाली काहीच नव्हतं.

आधी वाटलं, भिंगावर धूळ आहे. भिंग पुसलं. मग वाटलं, डोळ्यात धूळ आहे. डोळा पुसला. मग वाटीत पाहिलं. तळाशी खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं होतं. दोन दाणे. चिमट्याने एक वर काढून भिंगाखाली धरला.

'सी.'

"लाइल!" मी हाक मारली. लाइल माझा नवरा. जन्मभर वायरमन होता, त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट जोडता येते अशी त्याची श्रद्धा आहे.

"काय झालं? भाजलं का?"

"अक्षरं सुटली."

त्याने वाटीत डोकावून पाहिलं. "म्हणजे डिंकाने चिकटवली होती?"

"हो. कोणीतरी फिलाडेल्फियाच्या डॉलरवर चिकटवली."

"मग आपण परत चिकटवू. माझ्याकडे तो दोन मिनिटांत धरणारा डिंक आहे."

"लाइल, ती बनवाबनवी होईल!"

"आधी पण बनवाबनवीच होती. आपण फक्त दुरुस्ती करायची."

मी डॉलर पुन्हा तराजूवर ठेवला. सव्वीस पूर्णांक एकाहत्तर. तोच आकडा! दोन्ही अक्षरं मिळून दोन मिलिग्रॅमसुद्धा भरत नसतील. माझ्या तराजूला ती गेलेलीही कळली नाहीत. जिच्यावर मी एकतीस वर्षं भरवसा ठेवला ती वस्तू शांतपणे सांगत होती, की काहीही घडलेलं नाही.

"बाई गं, केवढा हा वास! तुला चक्कर येईल," म्हणत लाइलने खिडकी उघडली.

आमच्याकडे दुपारी डोंगरावरून वॉशोचा वारा उतरतो. तो कोंबड्या उडवतो, टोप्या उडवतो, एकदा तर त्याने शेजाऱ्यांचं कुत्र्याचं घर कुत्र्यासकट सरकवलं होतं. टिपकागदावर मी दोन्ही अक्षरं वाळायला ठेवली होती. कागद उडाला. एक अक्षर मी तळहाताखाली दाबलं, दुसरं गेलं!

खिडकी लावून आम्ही दोघं हातापायांवर आलो. लाइल पळत जाऊन लोहचुंबक घेऊन आला.

"चांदी चुंबकाला चिकटत नाही," मी म्हणाले.

"प्रयत्न करायला काय जातंय?"

चुंबकाला तीन टाचण्या आणि माझा सहा महिन्यांपूर्वी हरवलेला स्क्रू मिळाला. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि एचेव्हेरी रश्श्याचं भांडं घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. लाइलला तो रस्सा आवडतो, म्हणून उरला की आणून देतो.

"काय हो, प्रार्थना चाललीय की काय?"

"आर्डिथची काँटॅक्ट लेन्स पडली," लाइल म्हणाला. मी उभ्या आयुष्यात काँटॅक्ट लेन्स लावलेली नाही. त्या क्षणीही माझ्या नाकावर चष्मा होता.

पण एचेव्हेरी मनाचा मोठा. बाराही महिने अंगात असणाऱ्या लोकरी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत फरशीला टेकवून तोही शोधू लागला. शोधता शोधता उठला, टेबलाला धरलं, आणि त्याची नजर टेबलावरच्या डॉलरवर पडली. पाठ वर होती. गाठीखाली काही नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चष्म्याकडे पाहिलं. पुन्हा डॉलरकडे पाहिलं.

"रस्सा गरम करून घ्या," एवढंच बोलून तो निघून गेला. तो इतक्या हळू बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"याला काय झालं?" लाइलने विचारलं.

काय झालं ते मला कळलं होतं. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात नाणं खोटं निघणं हा अपघात. नाणं बदलणं हा गुन्हा. ऑरिनचा डॉलर गडप करून त्याजागी दोन माणसांच्या जेवणाचा डॉलर ठेवणारी बाई त्याने नुकतीच रंगेहाथ पकडली होती! वजन तेच, साल तेच, चांदी तीच. कोण विश्वास ठेवणार?

मी ऑरिनला फोन लावला. उचलला मॅक्सीनने.

"तो कुंपण रंगवतोय गं. काय निरोप देऊ?"

"प्रत्यक्षच बोलेन म्हणते."

"नाण्याचं ना? मोजलंस? नीट आहे ना?"

अशा वेळी शहाण्या माणसाने काय बोलावं? मी जे मोजलं होतं ते बोलले. "वजन अगदी बरोबर आहे, मॅक्सीन. चांदीही नव्वद टक्के."

"मग झालंच की! तू बरोबर म्हणालीस म्हणजे बरोबर!" ती ओरडली. "ती प्रवासवाली पोरगी कधीची थांबलीय. खिडकीवाली खोली आजच पक्की करते. एकदा पैसे भरले की परत मिळत नाहीत म्हणते, म्हणून थांबले होते गं!"

"मॅक्सीन, थांब, ऐक तरी—"

तिने फोन ठेवला होता. मी पुन्हा लावला. फोन अर्धा तास गुंतलेला होता. त्या अर्ध्या तासात अलास्काची खोली पक्की होत होती. माझ्या तोंडून एकही खोटा शब्द निघाला नव्हता. खऱ्याने एवढं नुकसान होतं हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओलं कुंपण तेवढं होतं. दोघं लोकरी टोप्या विकत घ्यायला रीनोला गेली होती.

गुरुवारी खोलीत शिरले तेव्हा बारा जण आधीच बसले होते. प्रत्येकाने आपापली नाणी मांडीवर घेतली होती. मला कोणी खुर्ची दिली नाही, लाइलला दिली. ऑरिन कडक इस्त्रीच्या सदऱ्यात होता. शेजारी मॅक्सीन, डोक्यावर जुलै महिन्यात लोकरी टोपी! ती कधीच क्लबात येत नसे. आज किंमत स्वतःच्या कानांनी ऐकायला आली होती.

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

"ऑरिन, तुमच्या डॉलरची अक्षरं ॲसिटोनमध्ये सुटली. ती चिकटवलेली होती." मी डॉलर मखमलीवर ठेवला आणि शेजारी काचेची छोटी कुपी. कुपीत एक 'सी'.

"एक?" एचेव्हेरी उठला. त्याचा आवाज परत आला होता. "एकच? आणि दुसरं कुठंय, बाई?"

"वाऱ्याने उडालं."

"वाऱ्याने! आणि काँटॅक्ट लेन्स? तीही वाऱ्याने? अहो, बारा वर्षं मी हिला शास्त्रज्ञ म्हणून मान देतोय! रस्सा पोचवतोय! आणि मी या डोळ्यांनी पाहिलं—"

तो माझ्या नाकासमोर हात नाचवत होता. त्याचा तो लोकरी हात उजेडात मागेपुढे होत होता, आणि कोपरावर काहीतरी चमकत होतं.

"हलू नका!" मी ओरडले. मी सहसा ओरडत नाही, त्यामुळे सगळी खोली थिजली. चिमटा पुढे करून मी त्याच्या कोपरावरच्या लोकरीतून एक कण उचलला आणि भिंगासकट त्याच्यापुढे धरला. "बघा. ॲसिटोनने डिंक मऊ पडला होता. आमच्या फरशीवरून तुमच्या स्वेटरला चिकटलं. काल दुपारपासून पुरावा तुम्हीच घेऊन हिंडताय!"

एचेव्हेरीने भिंगातून पाहिलं. कुपीतल्याशी ताडून पाहिलं. डॉलरवर गाठीखाली डिंकाचे दोन पुसट डाग होते, तेही पाहिले. मग त्याने स्वतःची खुर्ची उचलून माझ्यामागे ठेवली.

माझी अब्रू वाचली. पण ऑरिन अजून डॉलरकडेच बघत होता. त्याने तो कडा धरून उचलला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, पाकिटाशिवाय.

"बुधवारपर्यंत खरं होतं हे," तो म्हणाला.

"नाही, ऑरिन. बुधवारीही नव्हतं. मी फक्त…"

"आर्डिथ, तू फार शिकलेली आहेस," तो शांतपणे म्हणाला.

मॅक्सीनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "खोलीचे पैसे परत मिळत नाहीत," ती म्हणाली. "निम्मे भरलेत. निम्मे सोमवारी भरायचेत." मग माझ्याकडे वळली. "चांदी तरी खरी आहे ना गं?"

"नव्वद टक्के."

"म्हणजे ऑरिनसारखीच," ती म्हणाली. कोणीतरी हसलं आणि लगेच खोकू लागलं.

ऑरिन उठला. बाहेर गाडीपर्यंत गेला आणि एक लाकडी पेटी घेऊन आला. तिच्यात त्याची बाकीची नाणी होती, आमच्याच टांकसाळीची, एकोणीस. एकेक त्याने आयुष्यभर वेचलेलं. मोठं नाणं तेवढं विकायचं आणि ही ठेवायची, असं त्याचं ठरलं होतं.

"घाल अंघोळ," तो मला म्हणाला. "सगळ्यांना."

"यांच्यावर हिरवं नाही. गरज नाही, ऑरिन."

"मला आहे. शनिवारी सॅक्रामेंटोवाल्यासमोर कळण्यापेक्षा आज कळू दे."

एचेव्हेरीने खाणावळीतल्या आइस्क्रीमच्या एकोणीस काचेच्या वाट्या पुसून आणल्या. ॲसिटोन पेटतं म्हणून भटारखान्यातल्या चुली बंद केल्या. बाहेरची गिऱ्हाईकं रश्श्यासाठी ताटकळली. मी गाडीतून डबा आणून ओतला. लाइल सवयीने खिडकीकडे गेला.

"खिडकी नको!" चौदा जण एका सुरात ओरडले.

ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब वीस मिनिटं होती. आमच्या क्लबात उघड्या नाण्यावर कोणी बोलत नाही, थुंकी उडते म्हणून. पण त्या दिवशी कोणी श्वासही घेत नव्हतं. नाण्याचं खरेपण कशात असतं, याचा मी तेव्हा विचार करत होते. धातूत म्हणावं, तर तो तर खराच होता. वजनात म्हणावं, तर तेही. छत्तीस वर्षं एका घरात जिच्यावरून भांडण झालं, ती दोन दाण्यांएवढी गोष्ट तराजूच्या पलीकडची होती. मॅक्सीन वाटीमागून वाटी बघत चालली होती, तव्यावरची धिरडी बघावीत तशी.

घड्याळ वाजलं. मी पहिलं नाणं काढलं. भिंग लावलं.

"आहेत."

दुसरं. "आहेत." तिसरं. "आहेत." आठवं नाणं एचेव्हेरीने स्वतः भिंगाखाली घेतलं. "आहेत!" तो इतका मोठ्याने गरजला, की बाहेरच्या गिऱ्हाइकांना वाटलं रस्सा झाला. एकोणिसाव्यापर्यंत एकही अक्षर जागचं हललं नाही.

मी तिथेच बसून एकोणीस किमती लिहिल्या आणि सही केली. बेरीज अलास्काला जाऊन येण्याइतकी होती. जेवणं आणि टोप्या धरून!

ऑरिनने पेटी मॅक्सीनच्या पुढ्यात सरकवली. "मॅक्सीन, ते फिरतं घर… तसं जड होतं. चढावर गाडी तापली असती."

"ऑरिन."

"आणि पिवळा रंग लवकर मळतो."

"ऑरिन!"

"मी चुकलो," तो म्हणाला.

मॅक्सीनने सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही चौदा जणांनी ऐकलंत ना? कागदावर लिही गं आर्डिथ, आणि सही कर."

मी लिहिलं. माझ्या आजवरच्या दाखल्यांत तेवढा एकच असा, की ज्याला तराजू लागला नाही.

शनिवारी सॅक्रामेंटोवाला आला आणि फारशी घासाघीस न करता एकोणीसही घेऊन गेला. ऑरिनने एकच नाणं ठेवलं: तो बिनअक्षरी डॉलर. आता तो कशातच गुंडाळत नाही. खिशात सुट्टा टाकतो, किल्ल्यांबरोबर. त्यावर ओरखडे पडतायत. एचेव्हेरीला ते बघवत नाही.

क्लबात माझा दबदबा वाढलाय. मी 'कोणाला अंघोळ घालायचीय का?' असं विचारलं की सगळ्यांना एकदम रश्श्याची आठवण होते. माणसं किती भित्री असतात! पुरावा समोर असताना तो न बघणं हे माझ्या शिक्षणात बसत नाही.

आमच्या वडिलांनी मी प्रयोगशाळेत लागले त्या दिवशी मला एक डॉलर दिला होता. अठराशे एकोणऐंशीचा, आमच्याच टांकसाळीचा. तो कपाटात आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. कडेला थोडं हिरवं दिसतं खरं. पण अजून तितकं नाही. आणि सध्या घरातलं ॲसिटोनही संपलंय. लाइल कालच म्हणाला, "मी बाजारात चाललोय, आणू का?" मी म्हटलं, "एवढ्यासाठी कशाला? आता हिवाळ्यात बघू."